तारीख निघाली की आधी फोटोवाला ठरव

चि. सौ. कां. भाचीस,


सुपारी फुटली, वैशाखातला मुहूर्त निघाला, हे ताईने कळवलं तेव्हापासून तुला सविस्तर लिहायचं मनात घोळत होतं. पुण्याहून तू फोन करतेस तो जेवणाच्या सुट्टीत, आणि हा विषय तेवढ्यात मावणारा नाही. पत्र मात्र मी उघडं लिहितो आहे. दिंडोरी तालुक्यात यंदा ज्या ज्या दारी मांडव पडणार आहे तिथल्या आईबापांनी, नवरदेवाने, नवरीने ते वाचावं. तुझ्या घरात जी घालमेल चालली आहे तीच सगळीकडे आहे. लॉन्स कुठलं, आचारी कोण, बँड की डीजे, फोटोचं काय? हातात असतात थोडेसे रविवार आणि समोर दहा जणांची दहा पॅकेजं.

तू विचारलं होतंस, सुरुवात कोणापासून करू? लग्नात बिघडणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही त्याच दिवशी सावरता येतात. बँडवाला उशिरा आला तर वरात उशिरा निघते. फुलं कमी पडली तर कोणीतरी गाडी काढून नाशिकहून आणतो. गुरुजी दुसऱ्या लग्नात अडकले तर भावकीतलं कोणीतरी दुसऱ्या गुरुजींना घेऊन येतं. आठ दिवसांनी हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण अंतरपाट सरकला आणि तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तो क्षण कॅमेऱ्यात नाही तर नाही. तसंच, जेवणातून पन्नास पाहुणे आजारी पडले तर ते परत घेता येत नाही. म्हणून जे परत करता येत नाही त्याची माणसं आधी शोध. तारीख आणि जागा पक्की झाली की पहिला फोटोवाला, मग आचारी. मंडप, सजावट, मेकअप, घोडा, बँड हे सगळं त्यांच्यानंतर.

आता आपल्याकडचं गणित बघ. चातुर्मासात लग्नं नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पण आपल्या तालुक्यातली बरीच घरं तेव्हाही थांबतात, कारण बागेचं काम अंगावर असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल तुटतो, पैसे हातात येतात, खरड छाटणी उरकते आणि मग घर लग्नाला मोकळं होतं. मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर, सगळीकडे हेच. म्हणजे साऱ्यांची लग्नं एकाच महिना-दीड महिन्यात, आणि त्यातही पंचांगातल्या मोजक्या तारखांना. त्या तारखांना नावाजलेल्या फोटोवाल्याकडे एकाच दिवसाच्या दोन-तीन ऑर्डरी असतात. तो एकटा सगळीकडे कसा पुरणार? तो काम वाटतो. एका लग्नाला स्वतः जातो, बाकीच्या ठिकाणी बाहेरची मुलं लावतो. काम वाटण्यात पाप नाही. ते आधी न सांगणं ही फसवणूक आहे.

आपल्या नात्यातल्याच एका घरात हे झालं. मालक साखरपुड्याला स्वतः आला, गोड बोलला, भारी अल्बम दाखवला आणि इसार घेऊन गेला. लग्नाला आला एक नवखा मुलगा. त्याला नवरीची आजी कोण आणि आत्या कोण हे ठाऊक नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही. भावाने नवरदेवाचा कान पिळला तेव्हा तो स्टेजखाली बॅटरी बदलत होता. झाल धरली तेव्हा जेवायला बसलेला होता. अल्बममध्ये काय आलं? स्टेजवर रांगेने उभे राहून आहेर देणारे पाहुणे, आणि वरून घेतलेले पार्किंगमधल्या गाड्यांचे फोटो. नातीजवळ बसलेल्या आजीचा एकही फोटो नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला, टीम माझीच होती. त्या घरातल्या बाई तो अल्बम उघडत नाहीत, आणि मला त्यांची समजूत घालता येत नाही.

म्हणून पॅकेजमध्ये काय काय आहे हे विचारण्याआधी एकच विचार: माझ्या लग्नाला कॅमेरा हातात कोण धरणार? नाव सांगा, त्या माणसाला एकदा भेटवा, आणि ते नाव कागदावर लिहा. तो आजारी पडला तर कोण येईल, तेही लिहा. जो फोटोवाला या प्रश्नावर चिडतो त्याचा नाद सोड. जो म्हणतो, 'त्या तारखेला मी दुसरीकडे आहे, पण अमुक मुलगा देतो, त्याचं काम हे बघा', तो खरा माणूस आहे. त्याचा विचार कर.

काम कसं बघायचं तेही सांगतो. मोबाइलवर जे दिसतं ते शंभर लग्नांतले निवडक शंभर फोटो असतात. त्यावरून काही कळत नाही. एकाच लग्नाचे सगळे फोटो मागून घे, हळदीपासून पाठवणीपर्यंत. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला कापडी मांडवाखाली ऊन गाळून येतं आणि चेहऱ्यांवर कापडाचाच रंग चढतो. गोरज मुहूर्त असेल तर मंगलाष्टकं संपेपर्यंत उजेड जातो. रात्रीच्या हळदीला स्टेजवर जांभळे-निळे एलईडी लावतात आणि त्यात हळदीचा पिवळा रंगच उरत नाही. या तिन्ही उजेडांत ज्याच्या फोटोत माणसाचा चेहरा माणसाचा दिसतो, त्याला काम येतं असं समज. आणि एक गोष्ट आवर्जून बघ. पुष्कळ जण एडिटिंगमध्ये आपल्या सावळ्या मुलींना पांढरं फटक करून देतात. मला ते पाहवत नाही. तुझा रंग तुझ्या आईचा आहे, तुझ्या आजीचा आहे. तो आहे तसा ठेवा असं स्पष्ट सांग.

दुसरं, त्याला आपले विधी माहीत असायला हवेत. कँडिड आणि सिनेमॅटिकवाले पुण्या-मुंबईहून येतात, कॅमेरे भारी असतात, पण देवक म्हणजे काय, मांडवडहाळे कधी येतात, लाजाहोमात भाऊ कुठे उभा राहतो, सूनमुख कधी बघतात, हे त्यांना सांगावं लागतं. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला, ननाशीकडच्या आदिवासी गावांत तर विधीच निराळे आणि संबळ-पावरीचा ताल निराळा. तिथलं लग्न ज्याने पाहिलं नाही तो नुसता धावत राहील. याला उपाय सोपा आहे. एका कागदावर विधींचा क्रम आणि अंदाजे वेळ लिही, आणि दुसऱ्या कागदावर माणसं. दोन्हीकडचे आजी-आजोबा, ज्यांना चालवत नाही ते, परगावहून येणारी मावशी, ज्यांच्याकडे तू लहानपणी राहिलीस ते शेजारी. आणि दिवसभर फोटोवाल्याजवळ राहायला घरातला एक मुलगा नेम. तो बोट दाखवेल, 'दादा, या आमच्या आजी.' एवढ्याने अल्बम बदलतो. आजीचे फोटो हळदीच्या दिवशी सकाळीच काढून घे. तेव्हा ती ताजी असते, आणि लग्नाच्या दिवशीच्या गर्दीत तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

तुझ्या आईच्या लग्नाचं बघ. रोलवरचे फोटो आजही घरात आहेत, कडा पिवळ्या पडल्या तरी चेहरे स्पष्ट आहेत. व्हिडिओ कॅसेटला मात्र बुरशी लागली आणि ती लावायला यंत्रही राहिलं नाही. तेव्हा नुसता पेनड्राइव्ह हातात घेऊन समाधान मानू नको. छापलेला अल्बम घे, आणि मूळ फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेव, एक तुझ्याकडे आणि एक ताईकडे. फोटोवाल्याला विचार, कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का? आणि लग्नानंतर किती महिने तुम्ही फोटो जपून ठेवता? बरेच जण जागा मोकळी करायला थोड्या महिन्यांनी सगळं पुसून टाकतात. निवड करायला आपण उशीर लावला आणि तेवढ्यात त्यांची डिस्क गेली, तर दोष कोणाचा यावर भांडत बसावं लागतं.

आता कागदाचं. दाजी म्हणतील, ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला? त्यांना २०२० सालची आठवण करून दे. गोड बोलून माल उचलणारे आणि नंतर फोन बंद करणारे व्यापारी निफाड, दिंडोरी, चांदवडच्या किती बागाइतदारांना नडले, आणि तेव्हाचे नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी ती प्रकरणं हातात घेतली तेव्हा कुठे बऱ्याच शेतकऱ्यांचे पैसे निघाले. त्या वेळी ज्याच्याकडे सौदापावती होती त्याचं बोलणं टिकलं. लग्नाची ऑर्डर हाही सौदाच आहे, आणि बागेतला माल देताना जो सावधपणा दाजी बाळगतात तोच इथे बाळगायचा.

कागद वकिली भाषेत नको. साध्या मराठीत एक पान पुरे. कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती कॅमेरे, व्हिडिओ कोणता, अल्बम किती शीटचा आणि कोणत्या मापाचा, एडिट न केलेले सगळे फोटो मिळणार का, अल्बम कोणत्या तारखेपर्यंत. वेळ वाढली तर जादा किती. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च धरून की वेगळा, जीएसटी धरून की वेगळा. मुहूर्त पुढे ढकलावा लागला तर इसाराचं काय. हा शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऐन लग्नसराईतले इसार सगळीकडे अडकून पडले आणि कोणाच्याही कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

पैसे तीन टप्प्यांत दे. ठरवताना थोडा इसार, लग्नाच्या दिवशी मधला हप्ता, आणि शेवटची ठोक रक्कम अल्बम हातात आल्यावर. शक्यतो फोन-पेने किंवा बँकेतून दे आणि कशाचे पैसे ते तिथेच लिही. रोख दिलेस तर पावती घेतल्याशिवाय हलू नको. सगळे पैसे लग्नाआधी मागणाऱ्याला नमस्कार कर.

फोटो कोणाचे, हा प्रश्न तू विचारला नव्हतास, पण तो फार महत्त्वाचा आहे. आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या १७व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत साधारण याच्या उलट आहे, तिथे हक्क फोटोवाल्याकडे राहतो. म्हणून बाहेरून नक्कल केलेल्या छापील करारावर सही करताना जपून. त्यात 'सर्व हक्क स्टुडिओकडे' असं एक वाक्य असतं आणि आपला हक्क आपणच सही करून देऊन टाकतो. ते वाक्य खोडायला लाव. त्याऐवजी लिहून घे, की आम्हाला विचारल्याशिवाय फोटो किंवा रील कुठेही टाकायचं नाही. हळदीत भिजलेल्या, मोकळेपणी नाचणाऱ्या आपल्या बायका-मुली अनोळखी लोकांच्या मोबाइलवर का फिराव्यात? फोटोवाल्याला त्याच्या कामाची जाहिरात करायची असते, आणि ती गरजही खरी आहे. तू स्वतः निवडून दहा फोटो त्याला दे आणि खुशाल वापर म्हण.

ड्रोनबद्दल मुलाकडच्यांचा आग्रह आहे असं ऐकलं. त्यांना आदराने समजावून सांग, की आपलं लॉन्स जानोरीच्या बाजूला आहे आणि ओझरचा विमानतळ तिथेच आहे. एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना आणि हवाई दलाचं ठाणंही त्याला लागून. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे हवाई हद्दीचा नकाशा लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांत विभागलेला आहे, आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर जागा टाकली की पट्टा दिसतो. फोटोवाला म्हणेल, 'काही होत नाही, आम्ही नेहमी उडवतो.' त्याला म्हण, परवानगी आणि उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवा. ते नसेल तर ड्रोनचे पैसे कमी करून त्याच पैशांत आणखी एक चांगला कॅमेरावाला घे, तो बायकांच्या बाजूला उभा राहील. माझ्या मते ड्रोन नसला तरी काहीच बिघडत नाही. वरून माणसांची टाळकी दिसतात.

प्री-वेडिंगवरून घरात दोन मतं आहेत हे मला ठाऊक आहे. २०२५ साली मराठा समाजाच्या बैठकांतून जी आचारसंहिता पुढे आली तिच्यात डीजे आणि प्री-वेडिंगवर आक्षेप होता, आणि दाजी तोच दाखला देतात. मी तुमच्या पिढीला नाही म्हणणार नाही. दोघांनी एक दिवस एकत्र घालवला, चार छान फोटो निघाले, तर त्यात वाईट काय आहे? पण ते लग्नाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर लावण्याची गरज नाही. आणि त्यासाठी परगावचा सेट भाड्याने घेऊन फोटोंचा अर्धा खर्च तिथेच घालवू नका. आपली बाग आहे, रामशेजचा पायथा आहे. करंजवण किंवा वाघाडच्या धरणावर जाणार असाल तर काठापासून लांब उभे राहा. फोटोवाला 'अजून एक पाऊल मागे' म्हणाला तरी ऐकू नका.

आचाऱ्याचं थोडक्यात सांगतो, पण तेवढंच मनावर घे. त्याने घरी आणलेल्या नमुन्याच्या जेवणावर विसंबू नको. दहा ताटं चांगली करणं निराळं आणि हजार माणसांची पंगत उठवणं निराळं. तो दुसऱ्या कोणाच्या लग्नात वाढत असेल तिथे ताई-दाजींना पाठव, आणि पहिल्या नव्हे, शेवटच्या पंगतीला बसायला सांग. पुरी गरम आहे का, मसालेभात संपत आला म्हणून पाणी घालून वाढवला आहे का, हे तिथेच कळतं. वैशाखातल्या उन्हात मठ्ठा, बासुंदी, रबडी धोक्याची. दुधाचा पदार्थ किती आधी केला आणि कशात ठेवला, बर्फ कुठला, पाणी कुठलं, हे स्पष्ट विचार. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक माग. तो नसेल तर हात किती चांगला आहे हे ऐकून घेऊ नको. दर ताटावर असेल तर ताटं कोण मोजणार हे आधी ठरव. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस शेजारी बसून मोजेल, असं केलं की रात्री हिशेबाच्या वेळी आवाज चढत नाहीत. आणि ताटं फुगवून सांगू नको. आपल्याकडे हजार म्हणून बाराशे सांगायची सवय आहे. उरलेलं जेवण टाकलं जातं आणि त्याचे पैसे दाजींच्या खिशातून जातात.

लॉन्सचं बोलणं झालंय, पण एक राहिलं असेल. म्हसरूळपासून इकडे जी लॉन्स झाली आहेत ती बरीचशी उघडी. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा आपल्याला नवीन नाहीत, आपली बागच त्याची साक्षीदार आहे. पाऊस आला तर माणसं कुठे हलवणार, छपराखाली किती बसतील, जनरेटर कोणाचा आणि डिझेल कोणाचं, हे विचारून घे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे, तेव्हा वरातीची वेळ त्या हिशेबाने ठरवा. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेच्या दिवसांत नाशिककडून गडावर जाणारी गर्दी दिंडोरी-वणीवरूनच जाते. तुझी तारीख त्यानंतरची आहे हे बरं झालं, पण ज्यांची चैत्रात आहे त्यांनी वऱ्हाडाला लवकर निघायला सांगावं.

मेकअपवाली, सजावटवाला, यांच्याविषयी मला फार सांगता येणार नाही. मावशी आणि तुझ्या मैत्रिणी ते बघतील. फक्त मेकअप किती वाजता संपणार हे फोटोवाल्याला कळव. बहुतेक लग्नांत उशीर तिथेच होतो.

हे सगळं लिहिताना या माणसांवर अविश्वास दाखवावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. फोटोग्राफी आपल्या जिल्ह्याला परकी नाही. १८७०मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी पोटासाठी गोध्र्याला फोटोंचाच स्टुडिओ काढला होता. हा पोटाचा आणि कष्टाचा धंदा आहे. हळदीच्या पहाटेपासून पाठवणीपर्यंत ही मुलं उभी असतात, आणि आपल्याकडे त्यांना जेवायला बोलावायचं शेवटच्या पंगतीनंतर आठवतं. वाढप्यांचं तर तेही नाही. तुझ्या लग्नात फोटोवाले, वाजंत्री, वाढपी, मंडपाची मुलं, सगळ्यांच्या जेवणाची ताटं आधी धरून ठेव आणि ती जबाबदारी माझ्याकडे दे. घासाघीस करायची तर ती ठरवण्याच्या दिवशीच कर. काम झाल्यावर 'थोडे कमी करा' म्हणणं शोभत नाही. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी दे. चांगला माणूस टिकावा असं वाटत असेल तर आपणही चांगलं गिऱ्हाईक असायला हवं.

आणि एक. परवडत नाही ते घेऊ नको. गेल्या हंगामात गारांनी काय केलं ते तुला माहीत आहे. दाजी तुझ्यासमोर हो म्हणतील आणि सोसायटीचं कर्ज वाढवतील. एलईडी वॉल, क्रेन, धुराची कांडी, एन्ट्रीची पालखी, यांतलं काय खरंच हवं ते तू आणि जावईबापू आधी दोघांत ठरवा, आणि ते लग्नाचं बोलणं करायला बसणाऱ्या मोठ्यांना तुम्हीच सांगा. मुलीच्या बापाला हे बोलता येत नाही. तुम्ही दोघं बोललात तर दोन्ही घरं ऐकतील.

लग्नानंतर आठवड्याभरात फोटोवाल्याकडून चार-पाच प्रिंट मागून घे. विवाह नोंदणी १९९८च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत करायची असते. गावात ती ग्रामपंचायतीत होते आणि तिथे लग्नपत्रिकेबरोबर लग्नाचा फोटोही मागतात. अल्बमची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते आणि पुढे पासपोर्टच्या वेळी धावपळ होते.

इतकं करूनही बिघडलंच तर गप्प बसायचं नाही. ग्राहक चळवळ आपल्याच मातीतली आहे, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे फोटोवाला मुंबईचा असला तरी तक्रार नाशिकलाच. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघ, पुष्कळदा तेवढ्यानेच समोरचा जागा होतो. अल्बम न देणाऱ्या फोटोवाल्यांना आयोगांनी पैसे परत करायला आणि वर भरपाई द्यायला लावलं आहे. मात्र तिथे आयोग पहिल्यांदा विचारतो ते कागद आणि पावत्या.

दिवाळीला येशील तेव्हा फोटोवाल्याला आणि आचाऱ्याला घरी बोलाव, दाजींना शेजारी बसव, आणि दोन्ही कागदांवर सह्या झाल्याशिवाय इसार देऊ नको. साक्षीदार म्हणून सही करायला मी येतो. आणि हे पत्र वाचणाऱ्या, घरात लग्न असलेल्या सगळ्यांना हात जोडून विनंती: अल्बम हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवा, आणि तो पडला की त्याच दिवशी देऊन टाका.

तुझा,
मामा
दिंडोरी, जि. नाशिक